घाटासाठी रोड बाइकचं गिअरिंग: आधी आपला वेग मोजा, मग दाते निवडा

सिंहगडाच्या चढावर अर्ध्या वाटेनंतर एक क्षण बहुतेकांच्या वाट्याला येतो. सगळ्यात हलका गिअर केव्हाच टाकलेला असतो, तरी बोट लिव्हरवर जाऊन आणखी एक गिअर शोधतं. लिव्हर हलत नाही. मग दातओठ खाऊन, पूर्ण अंग पेडलवर टाकून, मिनिटाला जेमतेम चाळीस फेऱ्यांनी सायकल रेटावी लागते. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघे त्याचा हिशेब मागतात.

मी दोन वर्षं असं रेटलं. सायकलला पुढे, पेडलजवळ, ३९ दात्यांची छोटी चेनरिंग (दात्यांची चकती) होती आणि मागे सर्वात मोठं चक्र २५ दात्यांचं. दम कमी पडतोय, पाय कच्चे आहेत, असंच मी धरून चाललो होतो. सराव वाढवला, वजन चार किलोंनी उतरवलं, वेळही सुधारली. गुडघा मात्र दुखतच राहिला. तो थांबला गिअर बदलल्यावर. म्हणून हा लेख आकड्यांसकट लिहितोय. गिअर निवडताना आपल्याकडे ‘अमक्याने काय लावलंय’ हेच जास्त विचारलं जातं, आणि नेमका तिथेच घोळ होतो.

एकच भागाकार समजून घ्या

पुढच्या चेनरिंगचे दाते भागिले मागच्या चक्राचे दाते, हे झालं गिअरचं गुणोत्तर. पुढे ३४ आणि मागे ३४ असेल तर गुणोत्तर १, म्हणजे पेडलची एक फेरी झाली की मागचं चाकही एकच फेरी घेतं. रोड बाइकच्या चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर असतो, त्यामुळे या गिअरमध्ये एका फेरीला सायकल २.१ मीटर पुढे जाते. गुणोत्तर जितकं लहान तितका गिअर हलका.

रोड बाइकवर नेहमी दिसणारे सर्वात हलके गिअर जडपासून हलक्याकडे असे लागतात:

३९/२५ – १.५६
३९/२८ – १.३९
३६/२८ – १.२९
३४/२८ – १.२१
३४/३२ – १.०६
३४/३४ – १.००
३०/३४ – ०.८८
३०/३६ – ०.८३

माझ्या जुन्या ३९/२५ वर मिनिटाला सत्तर फेऱ्यांचा केडन्स (पेडल फिरवण्याचा वेग) ठेवायचा तर ताशी पावणेचौदा किलोमीटरचा वेग लागतो. सायकल धरून ८५ किलो वजन असेल तर आठ टक्के चढावर या वेगासाठी सुमारे ३०० वॅट शक्ती लागते. तासभर ३०० वॅट देणारी माणसं असतात, पण ती शर्यतीत उतरणारी माणसं. आपल्यापैकी बहुतेकांना १३० ते १८० वॅटच्या दरम्यान तास काढायचा असतो.

आता तुमचा स्वतःचा आकडा काढा

पॉवर मीटर नसला तरी चालतं. घड्याळ आणि ओळखीचा घाट पुरेसा आहे. गोळेवाडीपासून सिंहगडाच्या वाहनतळापर्यंतचा रस्ता सुमारे नऊ किलोमीटरचा, चढ सहाशे मीटरच्या आसपास. तुम्ही नाशिकचे, कोल्हापूरचे किंवा पणजीचे असाल तर तुमच्या नेहमीच्या चढाची लांबी आणि उंची फोनवरच्या ॲपमधून काढा. बाकीची रीत तीच.

एक दिवस हा चढ शर्यत न लावता चढा. सोबत्याशी एखादं छोटं वाक्य बोलता येईल इतकाच दम लागू द्या. वेळ लिहून ठेवा. चढलेली उंची आणि लागलेला वेळ यांवरून तासाला किती मीटर उंची चढलात ते काढा. सहाशे मीटर ५० मिनिटांत चढलात तर तासाला ७२० मीटर.

या आकड्याला दहाने भागा आणि आलेल्या उत्तराला चढाच्या टक्क्याने भागा. मिळतो तो त्या चढावरचा तुमचा वेग, ताशी किलोमीटरमध्ये. ७२० ला दहाने भागून ७२, त्याला आठने भागून ९. म्हणजे आठ टक्क्यांच्या तुकड्यावर तुम्ही ताशी नऊच्या वेगाने जाणार.

शेवटची पायरी: हा वेग गुणिले आठ, भागिले तुम्हाला हवा असलेला केडन्स. यातला आठ म्हणजे चाकाच्या परिघाचा हिशेब आटोपशीर करून घेतलेला आकडा, चढाच्या टक्क्याशी त्याचा संबंध नाही. नऊ गुणिले आठ बहात्तर, भागिले सत्तर, उत्तर १.०३. तुम्हाला हवं असलेलं सर्वात हलकं गुणोत्तर हे.

सिंहगडाच्या वेळा धरून मी हा हिशेब मांडून ठेवलाय. चाळीस मिनिटांत चढणाऱ्याचा आठ टक्क्यांवर वेग सव्वाअकरा येतो आणि ७५ च्या केडन्सला त्याला १.२ पुरतं, म्हणजे ३४/२८ ठीक आहे. पन्नास मिनिटांच्या माणसाला ३४/३४ लागतं. तास लागत असेल तर वेग साडेसात, केडन्स ६५ धरला तरी ०.९२, इथे ३४ ची चेनरिंग अपुरी पडायला लागते आणि ३०/३४ शोभतं. सव्वा तास लागणाऱ्याचा वेग सहा, केडन्स ६०, गुणोत्तर ०.८, म्हणजे ३०/३६ किंवा त्याहून हलकं. आता गंमत बघा. दुकानातून नवी सायकल घेऊन पहिल्यांदा गडावर निघालेला माणूस बहुधा तास-सव्वा तासवालाच असतो, आणि त्याच्या सायकलला बऱ्याचदा ३४/२८ असतं.

या हिशेबात एक खड्डा आहे. सध्याचा गिअर फार जड असेल तर तो तुम्हाला हळू जाऊच देत नाही. हळू गेलं की तोल जातो. म्हणून तुम्ही झेपत नसलेल्या वेगाने चढता, मध्ये थांबता, पुन्हा चढता. अशा वेळेवरून काढलेला आकडा फसवा असतो. त्यावर माझा उपाय साधा आहे: मित्राची हलक्या गिअरची एमटीबी (माउंटन बाइक) किंवा हायब्रिड एका रविवारी मागून घ्या आणि तीवर चढा. सायकल जड असेल, पण तुमची खरी, न थांबता टिकणारी गती तीवरच कळते.

जड गिअर गुडघ्याला नेमकं काय करतो

तासाभरात गड गाठणाऱ्याची शक्ती सुमारे दीडशे वॅट धरू. दहा टक्क्यांच्या तुकड्यावर त्याचा वेग ताशी सहा. ३४/२८ वर या वेगाला केडन्स येतो ३९. ३०/३४ वर तोच वेग, तीच शक्ती, पण केडन्स ५४. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर (पेडल ज्याला बसतं त्या दांडीवर) पहिल्या बाबतीत पेडलवरचा सरासरी जोर सुमारे २२ किलोचा, दुसऱ्या बाबतीत १६ किलोचा. ही सरासरी झाली. पाय खाली दाबतानाचा सर्वोच्च जोर याच्या बराच वर जातो. आणि हा जोर गुडघा सर्वात जास्त वाकलेल्या अवस्थेच्या जवळपास सुरू होतो. वर पोचायला लागणारा वेळ दोन्हींत सारखाच आहे. हलक्या गिअरमुळे माणूस हळू होतो ही समजूत या उदाहरणापुढे टिकत नाही.

हलका गिअर कमीपणाचा वाटणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. टूर द फ्रान्समध्ये डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) वापरायला परवानगी मिळाली ती १९३७ साली. त्याआधी स्वार घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक उलटं बसवून गिअर बदलत. आणि २०२१ मध्ये आलेल्या बारा स्पीडच्या (मागे बारा चक्रं असलेल्या) ड्युरा-एसमध्ये, म्हणजे सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानोच्या व्यावसायिक शर्यतींसाठीच्या सर्वात वरच्या संचात, ११–३४ ची कॅसेट आहे, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, सर्वात लहान ११ आणि सर्वात मोठं ३४ दात्यांचं. जगातले सर्वोत्तम पाय ३४ दात्यांचं चक्र लावत असतील तर आपण २८ ला चिकटून राहायचं कारण मला तरी सापडत नाही.

कोणता घाट, आणि कितव्या दिवशी

सरासरी टक्क्यावर विसंबू नका. वाई ते पाचगणी, म्हणजे पसरणीचा घाट, बारा-तेरा किलोमीटरचा आहे, पण चढ एकसारखा आणि पाच टक्क्यांच्या आसपास. तिथे ३४/२८ वर बहुतेकांचं निभावतं. सिंहगडाची सरासरी सातच्या घरात असली तरी मध्ये सपाटसर तुकडे आहेत, त्यामुळे उरलेल्या ठिकाणी दहा टक्क्यांच्या वरचे चढ लागतात. गिअर निवडायचा तो अर्धा-एक किलोमीटर टिकणाऱ्या सर्वात खड्या तुकड्यासाठी. शंभर-दोनशे मीटरचा भिंतीसारखा चढ उभं राहून काढता येतो.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट आहे. पुणे-साताऱ्याकडचे लोक कोकणात सहलीला जातात तेव्हा पहिल्या दिवशी उतरतात आणि शेवटच्या दिवशी चढतात. ताम्हिणी असो, वरंध असो की पोलादपूरहून महाबळेश्वरला येणारा सुमारे चाळीस किलोमीटरचा आंबेनळीचा रस्ता असो, चढ समोर येतो तेव्हा तीन-चार दिवसांचा थकवा पायात असतो, कॅरिअरवर सामान असतं आणि कोकणचा दमट उकाडा असतो. त्यामुळे वर काढलेला आकडा ताज्या पायांचा आहे हे ध्यानात ठेवा. सहलीसाठी त्यातून पंधरा टक्के कमी करा. १.०३ आला असेल तर ०.८८ धरा.

सायकलवर आत्ता काय आहे ते ओळखा

क्रँकच्या आतल्या बाजूला किंवा चेनरिंगवरच दात्यांची संख्या कोरलेली असते. ५०/३४ म्हणजे कॉम्पॅक्ट, ५२/३६ म्हणजे सेमी-कॉम्पॅक्ट, ५३/३९ म्हणजे जुना शर्यतीचा क्रँक. काही जुन्या टुरिंग आणि रोड बाइकला तीन चेनरिंग असतात, ५०/३९/३०. अशी सायकल हाताशी असेल तर ती ‘जुनाट’ म्हणून विकू नका. घाटासाठी ती आधीच तयार आहे.

मागे सर्वात मोठ्या चक्रावर दाते लिहिलेले सापडतात, नाहीतर खडूची खूण करून मोजा. चक्रं एकूण किती आहेत तेही मोजा: आठ, नऊ, दहा, अकरा की बारा. स्वस्त सायकलींवर सात चक्रांचं आट्यांचं फ्रीव्हील असतं, कॅसेट नसते. त्यात १४–२८ असेल तर १४–३४ चं फ्रीव्हील मिळतं, आणि मागच्या डिरेलरचा पिंजरा (चेन ताणून धरणारा खालचा भाग) लांब असेल तर काम तिथेच संपतं.

मग मागचा डिरेलर बघा. त्याच्या आतल्या बाजूला मॉडेल क्रमांक असतो. शेवटी एसएस असेल तर पिंजरा लहान, जीएस असेल तर लांब.

पहिला पर्याय: फक्त कॅसेट

इथूनच सुरुवात करा. सर्वात कमी खर्चाचा आणि सर्वात जास्त फरक दाखवणारा बदल हा. मात्र दुकानात जाण्याआधी दोन मर्यादा तपासा.

पहिली मर्यादा, डिरेलर मागचं किती मोठं चक्र पेलतो. शिमानो १०५ च्या अकरा स्पीडच्या आर-७००० संचात लहान पिंजऱ्याचा डिरेलर अधिकृतपणे ३० पर्यंत आणि लांब पिंजऱ्याचा ३४ पर्यंत जातो.

दुसरी मर्यादा, सैल चेन ओढून धरण्याची एकूण क्षमता. पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक अधिक मागच्या सर्वात मोठ्या आणि लहान चक्रातला फरक. ५०/३४ आणि ११–३४ साठी १६ अधिक २३, एकूण ३९. आर-७००० च्या लांब पिंजऱ्याची क्षमता बरोबर ३९ आहे, लहानाची ३५. म्हणजे लहान पिंजऱ्यावर ११–३० पर्यंतच नियमात बसतं. त्यापुढे जायचं तर लांब पिंजऱ्याचा डिरेलर घ्या. हँगर (मागचा डिरेलर ज्याला लटकतो तो फ्रेमवरचा तुकडा) लांबवणारा जोडतुकडाही मिळतो, आणि तो अनेकांच्या सायकलवर चालतो, पण त्याने चक्राची मर्यादा वाढते, चेन ओढायची क्षमता वाढत नाही. मी डिरेलर बदलण्याच्या बाजूचा आहे.

आठ, नऊ आणि दहा स्पीडच्या शिमानो सायकलींना एमटीबीची तितक्याच स्पीडची कॅसेट बसते, त्यामुळे शिमानोच्या क्लॅरिस किंवा सोरा संचवाल्यांनी ११–३२, ११–३४ शोधताना फक्त ‘रोड’ लिहिलेल्या खोक्यांपुरतं थांबू नये. अकरा स्पीडच्या एचजी-७०० आणि एचजी-८०० या ११–३४ कॅसेट जुन्या दहा स्पीडच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) थेट बसतात. अकरा स्पीडच्या रोड हबवर त्यांच्यामागे १.८५ मिलिमीटरचा स्पेसर (पातळ कडं) घालावा लागतो. तो विसरला तर लॉकरिंग (कॅसेट आवळणारी कडी) घट्ट होऊनही कॅसेट हलत राहते.

मोबदल्यात काय जातं? ११–३४ चं वजन ११–२८ पेक्षा साधारण शंभर ग्रॅमने जास्त. त्याची चिंता सोडा, पाण्याचे दोन घोट तेवढे भरतात. खरा फरक दोन गिअरमधल्या अंतरात पडतो. अकरा स्पीडच्या ११–२८ मध्ये चक्रं ११, १२, १३, १४, १५ अशी एकेक दात्याने वाढतात, ११–३४ मध्ये ११, १३, १५, १७. सपाट रस्त्यावर घोळक्यात वेगाने जाताना एक गिअर जड आणि दुसरा हलका वाटतो. सोलापूर रस्त्यावर दर रविवारी शंभर किलोमीटर मारणाऱ्याला हे खुपेल. घाटाकडे जाणाऱ्याला आठवडाभरात सवय होते.

दुसरा पर्याय: क्रँक

तुमचा आकडा ०.९५ च्या खाली आला असेल तर कॅसेटने भागणार नाही. कॉम्पॅक्ट क्रँकवर ३४ च्या खाली जायला जागा जवळपास नसते, कारण चेनरिंगचे बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यासच ११० मिलिमीटर असतो. ५३/३९ वाल्यांचं वर्तुळ १३० मिलिमीटरचं, तिथे ३९ च्या आसपास अडतं. म्हणून पूर्ण क्रँक बदलावा लागतो. शिमानोच्या जीआरएक्स मालिकेत ४६/३० आणि ४८/३१ मिळतात. ४६/३० आणि ११–३४ यांची बेरीजही १६ अधिक २३, म्हणजे ३९ च येते. मागचा लांब पिंजरा तसाच चालतो.

अडचण पुढे येते. जीआरएक्सची चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगचं अंतर) रोड क्रँकपेक्षा सुमारे अडीच मिलिमीटर बाहेर असते, त्यामुळे पुढचा डिरेलरही जीआरएक्सचाच घ्यावा. शिवाय ५० ची चेनरिंग ४६ झाली की तिची त्रिज्या आठ मिलिमीटरने घटते, आणि पुढचा डिरेलर तेवढा खाली सरकवावा लागतो. पट्ट्याने आवळलेला असेल तर सहज सरकतो. फ्रेमवरच्या ठरलेल्या खाचेत बसवलेला असेल तर खाच पुरते का, हे क्रँक विकत घेण्याआधी मोजपट्टीने बघा. यात अनेकांचे पैसे अडकलेत.

वरच्या वेगाचं काय, असं लगेच विचारलं जातं. ४६/११ वर ९० च्या केडन्सला ताशी ४७ किलोमीटर मिळतात. ५०/११ वर साडेएक्कावन्न. हा फरक उतारावरच जाणवतो, आणि आपल्या घाटांच्या उतारावर, समोरून एसटी येत असताना, पन्नासच्या वर पेडल मारणं मी कुणालाच सुचवणार नाही.

बसवताना

दुकानात देणार असाल तरी हा भाग वाचा. माझ्या सायकलला एकदा मेकॅनिकने ११–३२ ची कॅसेट बसवली आणि चेन जुनीच ठेवली. स्टँडवर सगळं ठीक फिरलं. जुन्या कात्रज घाटात, पुढची मोठी चेनरिंग चुकून तशीच राहिलेली असताना मी मागचं सर्वात मोठं चक्र टाकलं. चेन ताणली, हँगर तुटला, डिरेलर आऱ्यांत गेला. वेग कमी होता म्हणून मी पडलो नाही.

म्हणून मोठी कॅसेट म्हणजे नव्या लांबीची चेन, हे पक्कं धरा. चेन डिरेलरमधून न ओवता पुढच्या मोठ्या चेनरिंगवरून आणि मागच्या सर्वात मोठ्या चक्रावरून गुंडाळा, दोन टोकं जिथे भेटतात तिथून दोन कड्या जास्त ठेवा आणि तोडा.

कॅसेट काढायला चेनव्हिप आणि लॉकरिंगचं टूल लागतं. लॉकरिंग ४० न्यूटन मीटरला आवळायची. हाताने ‘बऱ्यापैकी जोरात’ म्हणजे साधारण तेवढंच. त्यानंतर बी-स्क्रू (डिरेलर चक्रांपासून किती दूर राहील ते ठरवणारा) फिरवून वरची पुली आणि सर्वात मोठं चक्र यांत पाच-सहा मिलिमीटरची फट ठेवा. फट नसेल तर मोठ्या चक्रावर खरखर ऐकू येते, फार असेल तर गिअर उशिरा पडतात. एल-स्क्रू (डिरेलर आऱ्यांकडे किती सरकेल ते ठरवणारा) तपासताना सर्वात मोठ्या चक्रावर असताना पिंजरा आऱ्यांच्या दिशेने हाताने ढकलून बघा. चेन चक्राच्या पलीकडे पडता कामा नये.

शेवटी स्टँडवर हाताने पेडल फिरवत दोन टोकं तपासा. मोठी चेनरिंग आणि मोठं चक्र: पिंजरा पुढे ताणलेला दिसला तरी त्यात थोडी लवचिकता उरली पाहिजे. लहान चेनरिंग आणि लहान चक्र: चेन लोंबून स्वतःलाच घासत नाही ना ते बघा. पहिल्या बाबतीत तडजोड करू नका. दुसऱ्यात थोडं घासत असेल तर चालतं, तो गिअर कुणी वापरत नाही.

घाटात हे गिअर वापरताना

हलका गिअर जोर कमी असताना टाका. पेडलवर पूर्ण भार असताना चेन चढवायला गेलं की ती अडकते किंवा उडते. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चढतो, त्यामुळे डावीकडे वळणारी हेअरपिन आपल्यासाठी आतली, म्हणजे जास्त खडी असते. डावं वळण दिसलं की वीस-तीस मीटर आधीच एक-दोन गिअर हलके करा. उजव्या वळणावर बाहेरचा घेर मिळतो, चढ सौम्य होतो, तिथे श्वास सावरून घ्या.

नवं गिअरिंग घेऊन थेट मोठ्या घाटात जाऊ नका. आधी वस्तीजवळच्या चढावर दोन-तीन फेऱ्या मारा. केबल नवी असेल तर पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरमध्ये ती थोडी सैल पडते आणि सर्वात मोठं चक्र पडायला कुरकुर करतं. डिरेलरजवळची, केबलचा ताण बदलणारी बॅरल ॲडजस्टर अर्धा फेरा उलटी फिरवली की ते नीट होतं.